दिवा तर लागतोय

गिझरच्या सुट्या भागांच्या दुकानात माझ्या पुढच्या गृहस्थाने पिशवीतून कॉइल काढून काउंटरवर ठेवली. दुकानातल्या बाईंनी तिला मीटर लावून बघितला.

“गेली हो ही. आणि काल-परवा नाही गेलेली. ही चीर बघा, तिच्यात गंज चढलाय. महिना तरी झाला असेल.”

“महिना? अहो, पण लाल दिवा लागत होता की!”

“दिवा लागला म्हणजे वीज आली, एवढंच. पाणी तापलं की तो विझायला हवा. विझत होता का?”

“वडील म्हणाले होते एकदा, विझत नाही म्हणून.”

“आणि पाणी गार येतंय, असं नाही म्हणाले?”

“म्हणाले.”

“मग?”

“मी म्हटलं, बाबा, दिवा लागलाय ना? मग पाणी गरमच आहे. तुमच्या वयात सगळंच गार लागतं.”

“नळाखाली हात धरून नाही बघितलात?”

“त्यांचं बाथरूम वेगळं आहे. आमचा गिझर चांगला चालतो.”

“अगं बाई! म्हणजे महिनाभर ते गार पाण्याने...”

“पुन्हा काही बोललेच नाहीत. मला वाटलं, पटलं त्यांना.”

“मग आता कसं कळलं?”

“आज आमचा नळ बिघडला, म्हणून त्यांच्याकडे अंघोळीला गेलो. पहिलाच तांब्या अंगावर घेतला आणि ओरडलो.”

“ते काय म्हणाले?”

“दाराबाहेर टॉवेल घेऊन उभे होते. म्हणाले, ‘दिवा लागलाय ना रे?’”