भाद्रपदात आंब्याचा वास

नाही रे अनिल, मला काही विकत नकोय, मी सांगायला आलेय. आमच्या घरून कोणी आलं — भावजी येऊ देत, नाहीतर माझा समर्थ — आणि ह्यांची सिगारेट मागितली, तर द्यायची नाही. संपली म्हणून सांग. आज म्हाळ आहे ह्यांचा. वडे तळून झाले, काळ्या वाटाण्याची उसळ झाली, आणि भावजी म्हणतात, कावळ्याच्या पानावर एक सिगारेट ठेवा, रावजीला त्याशिवाय जेवण गोड लागायचं नाही. ऐकलंस? जिने माणूस खाल्लान, तीच त्याच्या पानात वाढायची! दहाव्यालापण हेच. पिंडाला कावळा शिवेना, ऊन डोक्यावर आलं, तर भावजींनी एक पेटवून ठेवली — आणि आला मेला कावळा. सगळे म्हणाले, बघा, जीव तिच्यातच अडकला होता. मी काय बोलणार? तेव्हा रडत होते. आज बोलणार.

तू पाहिलंयस ना त्यांना? ह्याच बाकड्यावर बसायचे. कलमाच्या शेंड्यापर्यंत चढणारा माणूस, शेवटी न्हाणीपर्यंत जायचं तर मध्ये भिंतीला टेकायचे. डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवला छातीचा — म्हणाल्या, आतल्या पिशव्या फाटल्यात, घेतलेली हवा बाहेरच पडत नाही. मग ते ऑक्सिजनचं मशीन, नाकात नळी. बोलवत नव्हतं, तर दोन बोटं ओठांना लावून दाखवायचे. अगदी शेवटच्या दिवशीपण. मी नाही म्हटलं, तोंड फिरवलं. बरोबरच केलं ना? नळी नाकात असताना कोणी काडी ओढतं का? बरोबरच केलं. पण ती दोन बोटं... जाऊ दे. जिवंतपणी दिली नाही, ती आता देऊ?

आणि आणखी एक — हसायचं नाही हं. पितृपक्ष लागल्यापासून घरात आंब्याचा वास येत होता. भाद्रपदात! मोहोराचा पत्ता नाही आणि माझ्या ओटीवर पिकल्या हापूसचा घमघमाट. मला वाटलं, हे आले. सारा जन्म कलमांत आणि आढीत गेलेला माणूस, दुसरा कुठला वास घेऊन येणार? हात जोडले मी, देवाशपथ. समर्थच्या खोलीच्या दाराशी जास्त यायचा — म्हटलं, लेकाजवळ बसत असतील. तिथेच दिवा लावायला लागले रोज. बोलायचेही त्यांच्याशी. म्हणायचे, अहो, पोराला हल्ली दम लागतो, शिमग्यात पालखी नाचवताना मधेच खांदा काढून खाली बसला — लक्ष असू द्या त्याच्यावर. रोज सांगायचे, आणि रोज वास यायचा. मला बरं वाटायचं रे.

आज सकाळी उन्हात टाकायला त्याची उशी उचलली. खाली पेनासारखं काहीतरी. नाकाशी नेलं — हापूस. विचारलं, तर म्हणतो, आई, ही सिगारेट नाही गं, नुसती वाफ असते, बाबांसारखं काही नाही होत. वाफ! डॉक्टरीणबाईंना फोन केला तिथल्या तिथे. त्या म्हणाल्या, निकोटीन तेच, व्यसन तेच, आणि फुफ्फुसांना ती वाफही सोसत नाही. विकायलासुद्धा बंदी आहे म्हणाल्या. आणि आता हाच बापाच्या पानावरची सिगारेट पेटवणार! पेटवायची म्हणजे ओठांत धरून झुरका घ्यावाच लागतो ना? म्हणून आले मी. बाप गेला तो गेला, ह्याला तरी —

कुठून आणलीस म्हणून विचारलं, ते मात्र सांगितलं नाहीन. मी म्हटलं, थांब, अनिललाच विचारते, नाक्यावरची सगळी पोरं त्याच्याकडे उभी असतात, त्याला ठाऊक असेल. तर हात धरलान माझा. नको गं आई, तिथे नको, म्हणाला.

काय रे? बरणीमागे काय सरकवलंस ते? ... अनिल, तुझ्या टपरीतपण तोच वास येतोय रे.

ह्यांना खांदा दिला होतास तू.

राहू दे. नको दाखवूस. जाते मी, पान वाढायचंय.