नामदेवमामांचं गर्भाशय

हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या, कारण चूक माझीच होती.

भोकरदनला शेख डॉक्टरांच्या दवाखान्यात मी विम्याची बिलं भरतो. डॉक्टरांनी नामदेवमामांच्या दोन्ही बाजूंच्या हर्नियाचं ऑपरेशन केलं, पण विमा कंपनी एकाच बाजूचे पैसे देऊन राह्यली होती. तिसऱ्यांदा बिल भरताना मी वैतागून ऑपरेशनांच्या यादीतल्या खालच्या ओळीचा कोड दाबला. दहा मिनिटांत मंजूर! डॉक्टरांनी वाचलं अन् कपाळाला हात लावला.

"अरे, तू मामांचं गर्भाशय काढलंस!"

"सर, पैसे जास्त आलेत, राहू द्या की."

"बिलकुल न्हाई. मी दोन हर्निये केलेत, मला त्याचेच पैसे पाहिजेत."

मामांच्या खाटेजवळच त्यांनी कंपनीला फोन लावला, स्पीकरवर.

तिकडचा साहेब म्हणाला, "मंजूर झालेलं बदलायचं तर पेशंट पुरुष असल्याचा पुरावा पाठवा."

"आधार कार्ड पाठवलंय."

"त्याशिवाय काही?"

मामा लाजून भिंतीकडं वळले. मामींनी मात्र डॉक्टरांच्या हातातून फोनच घेतला.

"साहेब, चार लेकरं झालीत मला यांच्यापासून. चौघांना घेऊन येऊ का तिकडं? तोंडं बराबर जुळवून बघा."

साहेबानं घाईघाईनं फोन ठेवला. संध्याकाळी दोन्ही बाजू मंजूर होऊन आल्या.

निघताना मामी मला म्हणल्या, "यांच्या नावावर बाळंतपण टाकलं असतंस ना बाबा, तर बारसं तुलाच करायला लावलं असतं."