कोंडवाड्यातली लाल गाय कोनाची?

...अन् वरून पंचायत म्हनते, कोंडवाडा जनावरायच्या सोयीसाठी हाय. सोय? तुम्हाले सांगतो, मे महिन्यातलं आपल्या इकडचं ऊन, खदानीतला गोटा हातात धरला तं चटका बसते, अन् त्या उनात चार भिंती, वर छप्पर नाई, पान्याचं टाकं फुटलेलं, झाड म्हनाल तं बाहेर, सावली म्हनाल तं तीबी बाहेर... ही सोय! छपरासाठी टिनं मंजूर झाली होती, आलीबी होती, ट्रकातून उतरताना साऱ्या गावानं पाह्यली. मंग गेली कुठी? तं पंचायतीच्या हापिसापुढं नवी पडवी निघाली, तिच्यावर. सरपंच वामनराव तिथी खुर्ची टाकून बसते, सुपारी कातरते, अन् समोरच कोंडवाडा!

त्या कोंडवाड्याच्या भिंतीले लागून बायनाबाईचं घर. बायनाबाई म्हंजे खदानीत गिट्टी फोडायले जानारी, नवरा वारलेला, लेकी आपापल्या घरी नांदून राह्यल्या, एकटी बाई. आवाज असा, का हापशीवर बोलली तं मोटारस्टँडवर ऐकू यावं. घरी ढोर नाई, शेळी नाई, कोंबडीबी नाई. सारी भानगड इथूनच झाली ना बाप्पा!

झालं काय, जिवतीच्या पहाडाकडून एक लाल गाय उतरली. कोनाची, कोनाले ठाव नाई. कोनाच्या तरी भाजीच्या वाडीत घुसली अन् गेली कोंडवाड्यात. मालक येईन, दंड भरन, घेऊन जाईन. मालक आलाच नाई. अन् मालक येत नाई तवापर्यंत चारापानी पंचायतीनं द्यायचं असते, मेहरबानी नाई, कायदा हाय तसा. पन कायद्याले हंबरता येत नाई, अन् गाईचं हंबरनं तं दोन-चार दिसांत आटून गेलं.

बायनाबाई कामावरून आली तं भिंतीपलीकडून खरखर ऐकू आली. भिंत छातीएवढी. तिनं डोकावून पाह्यलं, तं गाय फुटक्या टाक्याचा तळ चाटून राह्यली. कोरडं सिमिट! तिनं घरातून बादली आनली, भिंतीवरून आत ठेवाले वाकली, तवर वारलू धावत आला. वारलू म्हंजे कोंडवाड्याचा राखनदार. मानूस वाईट नाई, पन सरपंचाचं नाव निघालं का त्याची मान आपोआप खाली जाते. हळूच म्हने, "बाई, जनावर तुमचं हाय का?"

"नाई."

"मंग नका देऊ. बाहेरच्यानं काई दिलं अन् त्याले काई झालं, तं माह्यावर येईन."

म्हंजे पाहा, पानी दिलं तं जबाबदारी, नाई दिलं तं कोनाचीच नाई! बायनाबाईनं बादली तशीच आत उतरवली, अन् गाईनं तोंड घातलं ते पार तळ दिसेपर्यंत. पन पान्यानं पोट भरते का?

मंग ती गेली पडवीत. वामनरावाले सरळ इचारलं, का भाऊ, चारा काऊन नाई देत? वामनराव सुपारी कातरता कातरता म्हनाले, "बायनाबाई, जनावर तुहं हाय का?" नाई म्हनल्यावर हसले. मालकाची तक्रार नाई, गाईची तक्रार नाई, तुलेच काऊन पडली, म्हने. गाईची तक्रार नाई! तिनं काय पडवीत येऊन अर्ज द्यावा?

बायनाबाईनं खदानीतली मजुरी बुडवली, मोटारीत उभ्यानं बसली... बसली कुठची, उभीच होती, अन् गेली तालुक्याच्या मोठ्या साहेबाकडं. साहेब पंख्याखाली. बोलनं एकदम छापील. "बसा बाई. आपली भावना समजते. पण जनावर आपलं आहे का?" घ्या! तिथी मोटारीनं गेलं तरी प्रश्न तोच! मालकानं यावं, मालकानं सांगावं, मंग चौकशी. अन् ज्याले मालकच नाई त्यानं काय करावं? साहेब म्हने, तसा प्रसंग अद्याप आलेला नाही.

परत आली तं गाय बसलेली. उठेना. बरगड्या अशा, का दुरून मोजाव्या. त्याच दिशी ढोरायचा डाक्टर लस टोचायले गावात आला होता. बायनाबाईनं त्याले हाताले धरून आनलं. डाक्टर तरना पोरगा, भला. पन तोबी भिंतीपाशी थांबला अन् म्हने, "मालक कोण? मालकानं सांगितल्याशिवाय मला हात लावता येत नाही."

बायनाबाईनं गाईकडं पाह्यलं. गाय तिच्याकडंच पाहून राह्यली होती. जन्मात ज्या बाईनं दावन बांधली नाई, ती म्हनाली, "माही हाय. चाल आत."

वारलूनं फाटक उघडलं. डाक्टरानं गाईचे डोळे पाह्यले, जीभ पाह्यली, पोटावर हात ठेवला. मंग उठून म्हनाला, "हिला आजार काही नाही, बाई. ही उपाशी आहे. यावर माझ्या पेटीत औषध नाही." तरी बिचाऱ्यानं सलाईन लावली. बायनाबाईनं शेजारून टोपलंभर कुटार मागून आनलं, भिजवून हातानं भरवलं. दोन घास गेले. तिसरा तोंडातच राह्यला.

तेवढ्यात खबर लागून वामनराव फाटकाशी हजर. "तुही हाय म्हनते? मंग दंड भर अन् आत्ताच्या आत्ता घेऊन जा."

"भाऊ, तिले उभं राह्यता येत नाई."

"तं मंग तुही नाई," म्हने, अन् वारलूकडून फाटक लावून घेतलं.

सकाळी गाय मेली होती.

अन् आता ऐका मजा... मजा कसली, ऐकताना टाळकं फिरते. वारलू बायनाबाईच्या दारात उभा. मान खाली. सरपंचानं निरोप पाठवला होता का, गाय तुही म्हनली होती ना, मंग तुह्या वस्तीनं येऊन ओढून न्यावी.

वस्तीनं! कळलं का तुम्हाले? छप्पन साली चांद्याले धम्माची दीक्षा झाली, तवा बायनाबाईचे सासरे पायी गेले होते. परत आले अन् मेलेलं ढोर ओढायचा दोर त्यायनं चुलीत घातला. त्या दिसापासून वस्तीतल्या कोनी गावचं ढोर ओढलं नाई. त्यापायी मार खाल्ला, विहीर बंद झाली, तरी नाई. अन् आता एका उपाशी गाईच्या आडून तेच काम परत दारात पाठवलं. वस्तीतली पोरं तापली, काठ्या निघाल्या. बायनाबाईनं त्यायले घरी बसवलं अन् एकटी पडवीपुढं गेली. गाव जमा झालं. तुम्हाले वाटन ओरडली असन. नाई. पह्यल्यांदाच हळू बोलली.

"जित्ती होती तवा मी माही म्हनलं, तं तुम्ही म्हनले तुही नाई. आता मेली, तं माही झाली? उपाशी तुम्ही ठेवली, भाऊ. तुमच्या भिंतीत मेली. तुम्हीच ओढा."

अन् गेली घरी.

कोनी हात लावला नाई. ऊन तं थांबत नाई. वास सुटला, अन् वारा कुठी जाईन? पडवीत! खुर्ची आत गेली, खिडक्या लागल्या, तरी वास आतच. अन् अशात मोठ्या साहेबाची जीप आली, झाडं लावायच्या कार्यक्रमाले. साहेब उतरला तो नाकाले रुमाल लावूनच. "हे जनावर कोणाचं?" वामनराव बायनाबाईच्या घराकडं बोट दाखवनार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"पंचायतीचं, साहेब."

वारलू होता. मान वर करून बोलला!

मंग वामनरावानं स्वतःच्या हातानं दोर बांधला, तोंडाले उपरनं लावून, अन् आपल्याच ट्रॅक्टरनं गाय नेली. अख्खं गाव पाहून राह्यलं. पोरायनं शिट्ट्या मारल्या. बायनाबाई दारात उभी होती, पन हसली नाई. तिले दिसत होतं ते गाईचं शिंग, मातीत रेघ ओढत गेलेलं.

पुढं चौकशी झाली. साहेबानं कोंडवाड्याची सुधारना मंजूर केली, गवंडी आले, सिमिट आलं. काईच झालं नाई असं म्हनू नका. भिंत वाढवली! चांगली डोक्याच्या वर नेली. आतलं आता काई दिसत नाई.

बायनाबाईनं शिडी केली. कामावरून आली का शिडी लावते, वर चढते, अन् आतल्या ढोरायले दोरीनं बादली सोडते. वारलू खालून शिडी धरते. फाटकाची चाबी त्याच्या खिशातच असते, पन काय करता... आत पानी न्यायचा हुकूम त्याले अजून आला नाई, अन् शिडी धरू नको असाबी कोनी हुकूम दिला नाई.