लाल पिशवी आणि सहा कुंड्या

नाही, बसत नाही मी. स्टूल पुढे सरकवू नकोस, आधी तो वजनकाटा बाजूला घे – घे म्हणते ना – ही कुंडी ठेवू दे इथे, कंबर मोडली माझी. सांडू दे माती. तुझ्या कागदांवर सांडली तर सांडली, इथे माझं अख्खं वर्ष सांडलंय त्याचं काय? बघ हिच्याकडे. पानं बघ, तळहाताएवढी, काळीशार, मिरवायला निघाल्यासारखी. आणि मिरची? शोध. एक शोधून दाखव. फूल येतं, दोन दिवस हसतं, देठाशी पिवळं पडतं आणि टपकन खाली. रोज सकाळी केर काढते मी त्या फुलांचा. मिरचीच्या फुलांचा कधी केर काढतात का रे?

तुझी खताची लाल पिशवी. तीच. तोंड उघडू नकोस, आधी माझं ऐक. तुझा बाप या गल्ल्यावर बसायचा तेव्हापासून येते मी. त्यानं एकदाच सांगितलं होतं – झाड वाढतंय तोवर हिरवी पिशवी. कळी दिसली की हिरवी बंद, लाल सुरू. दर आठ दिवसांनी एक चमचा, बुंध्यापासून चार बोटं लांब, वरून पाणी. आणि पहिली तोडणी झाली की पुन्हा एक, झाड दमलेलं असतं म्हणून. तीस वर्षं तेच केलं, एकदा चुकले नाही. यंदाही कळी दिसली, लाल पिशवी नेली – तुझ्या हातची – आणि हे असं. मग चूक कोणाची? माझी?

काय? रंग बदलले? कंपनीनं? म्हणजे लालमध्ये आता पानांचं खत, आणि फुलांचं पिवळ्यात? अरे, कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे! उद्या मिठाला रंग देतील आणि म्हणतील साखर समजून खाल्लीत ती तुमची चूक! लिहिलंय? लिहिलंय म्हणे. मोठ्या अक्षरांत! चष्मा नव्हता माझ्याकडे. हसू नकोस. घरी राहिला होता चष्मा. घरी गेल्यावर? घरी गेल्यावर काय – डोळ्याचं ऑपरेशन झालंय माझं, बारीक दिसत नाही. मोठं? मोठंही – तू खत विकतोस की साक्ष घेतोस रे?

आता गोष्टच सांगते तुला, ऐक. एक होती सासू, एक होती तिची सून, आणि दोघींच्या मध्ये एका गच्चीवर सहा कुंड्या. सासू म्हणजे मी. सून म्हणजे माझ्या एकुलत्याची बायको – सकाळच्या शाळेत शिकवते, मी मास्तरीणच म्हणते तिला. या मिरचीचं बी मला माझ्या सासूनं दिलेलं, कापडाच्या गाठीत, मी घरात नवी होते तेव्हा. आखूड, जाडी, बुटक्या माणसासारखी मिरची – कुठल्या दुकानात मिळायची नाही, तुझ्याही नाही. दरवर्षी चार पिकवायच्या, बी काढायचं, पुन्हा गाठ. गेल्या वर्षी डोळ्याच्या पायी राहून गेलं, म्हणून यंदा होतं नव्हतं ते सगळं पेरलं. सहा उगवली. यांना मिरची धरली नाही तर संपलं, कळलं? गाठ रिकामी. ती गाठ मी मास्तरणीलाच देणार होते. होते म्हणतेय मी!

कारण ऐक ना. माझी बहीण आलेली, गच्चीवर खुर्ची टाकून बसलेली, मी चमचा घेऊन कुंडीशी वाकलेय, आणि ही बाई मागून म्हणते, “आई, पिशवीवर काय लिहिलंय ते वाचलंत का?” वाचलंत का! मला! माझ्या बहिणीसमोर! मी म्हटलं, माझ्या कुंड्यांना हात लावायचा नाही. आणि तिच्या देखत एकाच्या जागी दोन चमचे घातले. हो, दोन. पुढच्या खेपेलाही दोनच. असा बघू नकोस माझ्याकडे, रागात माणूस मोजत बसतं का?

बावीस दिवस झाले, शब्द नाही आमच्यात. ती चहा ठेवते, मी पिते. मुलगा आपला टपालवाल्यासारखा – “आई विचारते, साबण कुठाय?” “ती सांगते, मोरीतच आहे.” आणि आता तर ती झाडांच्या मुळावर उठलीय! दुपारी माझा डोळा लागला की गच्चीवर जाते आणि बादल्या ओतते कुंड्यांत. झोपेचं सोंग घेऊन पाहिलंय मी, जिन्यातून. खालून पाणी वाहतंय, तरी ही ओततेच आहे, पदर खोचून, घामाघूम. मुळं कुजवायचीत तिला, दुसरं काय –

कोणी सांगितलं? तू?

कधी आली होती ती इथे?

जास्तीचं खत धुऊन काढायला? सगळं? बादल्या बादल्या पाण्यानं? आणि आठ दिवसांनी पिवळ्या पिशवीतलं – किती? अर्धा चमचा. बरं. आणि मला सांगू नका म्हणाली? का? म्हणजे काय, का ते नाही सांगितलं? पिशवी चुकली कशी, हे तरी विचारलं असशील की तू, चौकश्या तर फार तुला. मग? काय म्हणाली?

चष्मा नव्हता म्हणाली?

ती म्हणाली असं? आईंकडे चष्मा नव्हता म्हणून?

काय करतोस? फिरवू नकोस कुंडी, फांदी मोडेल. कुठे? मला नाही दिसत. पानाखाली? थांब, उजेडाकडे कर. अगं बाई. अगं बाई गं. मुगाएवढी आहे. ही दुसरी. ही बघ, ही तिसरी – बोट काढ! बोट लावू नकोस म्हणते ना, कोवळी आहे.

दे ती पिवळी पिशवी. नको, वाचून दाखवू नकोस. घरी आहे वाचणारी.

सरक. दार धर.