मानाची चढाई

ईशान आणि रेवा,

मागच्या रविवारी फोनवर ईशानने मला विचारलं, आजी, कोणी एके काळी चांगलं खेळलं म्हणून मी उठून उभं का राहायचं? त्याच्या क्लबचा जुना कप्तान खेळाडूंच्या खोलीत आला, सगळे उठले, हा बसून राहिला, आणि पुढच्या सामन्यात त्याला बाहेर बसवलं. बाबा रागावले. शाळेत तीस वर्षं मी मुलांना उभं राहायला लावलं, म्हणून तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

आपल्याकडे मासे घेऊन येणारी हिरा तुम्हाला आठवत असेल. रेवाला तिने जिवंत खेकडा धरायला शिकवलं होतं. ती धाकट्या डहाणूची, आणि तिच्या काळात कबड्डीत तिचं मोठं नाव होतं. ईशानचा प्रश्न मी तिला सांगितला, तशी ती पाटी उतरवून आपल्या ओट्यावर बसली आणि बोलत राहिली. दुसऱ्या दिवशी राहिलेलं सांगायला पुन्हा आली. मी लिहून घेतलं. तिची बोली तुम्हाला अवघड जाईल म्हणून थोडी सरळ केली आहे, बाकी सगळं तिचंच. ती मला बाई म्हणते, कारण तिच्या मुलाला मी शिकवलं आहे. यात मारामारी बरीच आहे. ती मी गाळलेली नाही.

मी धाकट्या डहाणूची, खाडीच्या तोंडाशी आमचं घर, बापाची होडी, आई बोंबील वाळवायची, आणि आम्ही पाच बहिणी, भाऊ नाही, म्हणून जाळ्याचा दोर ओढायला आम्हीच. ओला दोर कसा असतो काय सांगू तुम्हाला बाई, तळहात सोलून निघतो, पण सोडायचा नाही, सोडला की बाप पाण्यातूनच शिव्या द्यायचा आणि घरी आल्यावर त्याच दोराने मारायचा. तिथे माझी मूठ तयार झाली. पुढे कबड्डीत मी कोपऱ्यात उभी राहायची, समोरची चढाईला आली, तिचा पाय जरा लांबला की घोटा माझ्या मुठीत, आणि एकदा धरला की तो माझाच, ती तोंडावर आपटायची आणि मी वर. किती जणींना पाडलं त्याची गणती नाही. तलासरी, उंबरगाव, पार वलसाडपर्यंत खेळून आले, मैदानात पाय ठेवला की पोरी एकमेकींना म्हणायच्या, ए, ती घोटेवाली आली.

लग्न झालं त्या वर्षी नवऱ्याने वल्हं उगारलं, सामन्याला जायचं नाही म्हणाला. मी खाली बसले, त्याला वाटलं घाबरली, मी घोटा धरला आणि ओढला, तो उंबऱ्यावर आपटला, भुवई फुटली. सासू ओरडली, अगो मेला ना तो. मी म्हटलं मेला नाही, बाद झाला. त्यानंतर त्याने कधी हात उगारला नाही, उलट सामन्याला सोडायला यायचा, पाण्याची कळशी घेऊन. गेला आता बिचारा. हे तुमच्या नातीला लिहा, नातवाला नका लिहू.

हां, तर गंगूताई. माझ्या आधीची कप्तान ती. ओल्या वाळूवर सराव घ्यायची, कमरेत वाकलं नाही की नडगीवर बांबूची काठी, माझ्या नडग्या बघा, अजून खाचा आहेत. ती खेळायची थांबली तेव्हा गावाने तिला मान दिला. होळीनंतर आमच्या मैदानावर सामने होतात, त्यात शेवटच्या सामन्याआधी जुन्या कप्तानाने एक चढाई करायची. समोर चालू संघाच्या सात पोरी उभ्या, पण पकडायचं कोणी नाही. ती दम घेऊन येणार, एकेकीला हात लावणार, जिला हात लागला तिने बाद होऊन बाजूला व्हायचं, आणि सगळ्या बाद झाल्या की रांगेने तिच्या पाया पडायचं. ही मानाची चढाई. पहिल्याच वर्षी गंगूताई माझ्यापाशी आली आणि हात लावायच्या ऐवजी तिने नाकावर बुक्की मारली. रक्ताची धार लागली. लोक टाळ्या वाजवतायत, शाबास गंगूताई, अजून जोर आहे. मी पाया पडायला वाकले तर हळूच म्हणते, साडीला रक्त लावू नकोस. मी एका हाताने नाक दाबलं आणि दुसऱ्या हाताने पाया पडले. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. मी मनात म्हटलं, माझीही पाळी येईल.

आली ना पाळी. गंगूताई गेली आणि मान माझ्याकडे आला. पहिल्या वर्षी मी फक्त थपडा मारल्या, पण अशा की पाठीवर पाचही बोटं उमटली. दुसऱ्या वर्षी एकीच्या हनुवटीवर कोपर. लोक टाळ्या वाजवायचेच. का मारायची म्हणाल तर, पोरी आता मॅटवर खेळतात, पायात बूट, आपली पकड मोबाईलवर परत परत बघतात, आणि मला विचारतात, मावशी, तुमचा एखादा व्हिडिओ आहे का? आता कुठून आणू व्हिडिओ? माझं सगळं खेळणं बघितलेली माणसं मसणात गेली. वर्षातून एक दिवस ही पोरं मला बघायची, मग मला वाटायचं नीट बघा, लक्षात राहील असं बघा.

तिसऱ्या वर्षी जयू नवीन होती. झरीची पोर, आईबाप दुसऱ्याच्या शेतावर राबणारे. त्यांच्या गावात पोरींचा संघ नाही म्हणून दर शनिवारी आमच्याकडे यायची. मी तिला हात लावला आणि परत वळता वळता मागे लाथ झाडली. टाच तोंडावर बसली. तिने तळहातावर थुंकलं, तर रक्तात दात. रांगेत उभी राहिली, दात मुठीत धरून, वाकली, आणि माझ्या तोंडातून काय निघालं माहीत आहे? साडीला रक्त लावू नकोस. बाई, तोच आवाज, गंगूताईचा.

पुढच्या शनिवारी ती माझ्या दारात. मला वाटलं भांडायला आली, मी कमरेला पदर खोचूनच बाहेर आले. ती म्हणाली, मावशी, मला घोट्याची पकड शिकवा. मग मी शिकवली. खाडीवर नेलं, ओला दोर हातात दिला, दुसऱ्या टोकाला मी, ओढ म्हटलं. तिचे तळहात सोलले तरी सोडीना. वर्षभर शिकवली. दाताचं ती बोलली नाही, मी बोलले नाही. वर्षात ती कप्तान झाली.

होळीच्या आधी पुन्हा आली. म्हणाली, मावशी, यंदा हात लावा, मारू नका. माझ्या पोरींना मारलंत तर मी धरेन. मी हसले. म्हटलं धर की, बघू झरीच्या मुठीत किती जोर आहे. ती हसली नाही.

मैदान भरलेलं होतं. मी कासोटा घट्ट केला, दम घेतला आणि आत गेले. पाच जणींना नीट हात लावला. सहावी कोपऱ्यातली, सगळ्यात लहान, गुडघ्याला पट्टी. तिच्या डोळ्यांत भीती दिसली आणि माझा पाय आपोआप उठला, खोटं कशाला बोलू. पण तो तिच्यापर्यंत पोचलाच नाही. जयूने झेप घेऊन हवेतच घोटा धरला. मी छातीवर आपटले. मी दम सोडला नाही, कबड्डी कबड्डी करत मध्यरेषेकडे सरपटत निघाले, मोकळ्या पायाने तिच्या डोक्यात टाचा घातल्या, कानातून रक्त आलं, मूठ सुटेना. आणि एक सांगू? मला बरं वाटत होतं. तीस वर्षांत मला कोणी असं धरलं नव्हतं. मध्यरेषा चार बोटं राहिली, मी हात लांबवून अंग पिळलं आणि खांदा निखळला. कडकन आवाज आला. मी किंचाळले आणि दम तुटला.

मग काय, सगळा गाव आत. माझा मुलगा विलास, तुमचा विद्यार्थी, त्याने प्लास्टिकची खुर्ची तिच्या पाठीत घातली. कोणी मैदानाभोवतीच्या दोरीचे बांबू उपटले, झरीवालीला सोडू नका, आमच्या म्हातारीला मारते. तेव्हा सहा पोरींनी जयूभोवती हातात हात घालून साखळी केली. बांबू त्यांच्या दंडांवर पडत होते, आमच्याच गावच्या पोरींच्या, पण साखळी तुटली नाही. ती पट्टीवाली लहानगीही त्यात. मी खाली पडून ओरडतेय, अरे थांबा, खेळात धरलंय तिने, पण कोण ऐकतो. शेवटी कोळणीच पाट्या पुढे धरून घुसल्या आणि आपापल्या नवऱ्यांना मागे रेटलं.

तीन दिवसांनी देवळाच्या ओट्यावर बैठक. मंडळाचे अध्यक्ष गणपतदादा म्हणाले, पोरीने सगळ्यांसमोर हिराताईंची माफी मागायची, नाहीतर संघातून बाहेर. पंधरा दिवसांनी जिल्ह्याची निवड होती बाई, संघातून गेली म्हणजे तीही गेली. तिचा बाप हात जोडून उभा, चुकलं पोरीचं, पाया पडेल ती. जयू म्हणाली, पाया पडेन, मला पकड यांनीच शिकवली. माफी मागणार नाही. विलास उठला, बघा, अजून किती माज आहे.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हात गळ्यात बांधलेला, खुर्चीवर बसवलेलं. मी नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं. माझं नाव राहिलं असतं, ती गेली असती. मी म्हटलं, जयू, तोंड उघड. तिने उघडलं. म्हटलं, हा दात माझ्या लाथेने पडला, तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. हिने मला आधी सांगून धरलंय. माफी मागायची तर मी मागते. गणपतदादा म्हणाले, हिराताई, तुम्ही गावाचं नाव आहात, असं बोलू नका. म्हटलं, मग गावाने इतकी वर्षं मला थांबवायचं होतं. आणि मी तिच्या बापासमोर हात जोडायला गेले, तर एकच हात उठला. जयू संघात राहिली. विलास निघून गेला. दोन महिने माझ्याशी बोलला नाही.

तुमच्या नातवाला काय सांगू? मी आत आले की पोरी उठून उभ्या राहतात, मला ते आवडतं. नाही उठली एखादी तर रात्रभर डोक्यात राहतं. पण उठली म्हणजे तिचं तोंड माझ्या लाथेला मोकळं, असं मी समजत होते, ते चुकलं. गंगूताई आज असती तर मी तिच्या पाया पडले असते, आणि नाकाचंही विचारलं असतं. तो जुना कप्तान कसा आहे मला माहीत नाही. नातवाला म्हणावं, उठ, पण काही विचारायचं असेल तर उभ्या उभ्या विचार.

यंदा जयू म्हणाली, मावशी, यायचं तर खरी चढाई करायला या, आम्ही पकडणार. गेले. एका हाताने काय खेळणार, एकीलाच हात लावला आणि पळत परत आले, ती खरी बाद झाली, मागून जयूची झेप माझ्या टाचेजवळून गेली. धापा टाकत खाली बसले. जयू पाया पडली नाही. पाण्याची बाटली दिली, आणि म्हणाली, वळताना डावा पाय अजून मागे राहतो तुमचा. माझे बाय, चांगली खेळ, असंच म्हणते मी तिला. दुसरं काय देणार.

मुलांनो, हिरा एवढं सांगून गेली. जयू जिल्ह्याच्या संघात आहे. हिराचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, जयूच्या तोंडात ती फट तशीच आहे, आणि मानाची चढाई अजून होते.