कोपऱ्यातलं घड्याळ

हो, मीच लावलाय — आणि थांब, माऊस हलवू नकोस एवढ्यात, आधी नीट बघ तरी. स्क्रीनसेव्हर वाटतो का? नाही ना! माझ्याच शीटचा फोटो आहे तो — गाड्यांचे नंबर, पत्ते, खालची ओळ अर्धवट टाइप केलेली — म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं, बाई आत्ताच उठून गेल्यात, येतीलच. आणि वाटायचं बरं का! वर्षभर वाटलं. गेल्या आठवड्यात तर साहेबांनी ओळीनं तीन दिवस कौतुक केलं माझं. चौथ्या दिवशी त्यांची नजर गेली कोपऱ्यातल्या घड्याळावर. फोटो काढताना तेही आलं ना फोटोत, माझ्या लक्षातच नाही! साहेब आले साडेतीनला, माझ्या कॉम्प्युटरवर तीन वाजून दहा. मनगटावरचं घड्याळ कानाला लावून बघितलं म्हणे त्यांनी. आणि मग पाठवलं तुला, काढून टाक म्हणून.

आता तू विचारशील, स्क्रीनसेव्हर बदलायचं बटण तर करडं आहे, दाबलंच जात नाही, मग जमलं कसं? अरे बाबा, गेल्या वर्षी प्रिंटर जोडायला कोण आलं होतं? पाच मिनिटांपुरते कॉम्प्युटरचे सगळे अधिकार देतो म्हणालास मला. घेतलेस परत? नाही घेतलेस. मग काय, कंपनीच्या त्या डोंगराच्या चित्राचं जे नाव तेच माझ्या फोटोला दिलं आणि नेऊन ठेवला त्याच्या जागी. दर सोमवारी तुमचा सर्व्हर कंपनीचा तो डोंगर परत आणून बसवतो, दर सोमवारी मी तो काढते — वर्ष झालं, कुणाला पत्ता नाही. हे पण लिहिणार आहेस साहेबांना? लिही की, मी कुठे नको म्हणतेय. घाम कशाला पुसतोस?

चहाला नाही रे जात. चहाला कोण एवढी उठाठेव करेल? वर पाचव्या मजल्यावर जाते, जिन्याच्या खिडकीत. सव्वातीनला समोरची शाळा सुटते, माझी लेक येते नातीला घ्यायला. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत दिसतात दोघी, मग वळतात. एवढंच. आता म्हणशील घरी का नाही जात — कशी जाऊ? नातीच्या वाढदिवसाला चार लोकांत जावयाला बोलले मी, नको ते बोलले. तोंड आहे माझं, तू बघतोच आहेस. लेक एवढंच म्हणाली, "आई, आता इथे येऊ नकोस." दोन वर्षं झाली. पोरगी चार वर्षांची होती, आता दात पडलेत पुढचे — पाचव्या मजल्यावरून दात कसे दिसले? नाही दिसले बाबा, मीच धरून चाललेय. या वयात पडतात ना. फार आठवण येते रे, खोटं कशाला बोलू.

आणि काल काय झालं — हे नाही लिहायचं हं तुझ्या कागदात — काल पोरगीनं वर बघितलं. मला ओळखलं आणि दोन्ही हात हलवले. मी आपली मागे सरकले पटकन, चोरासारखी. परत डोकावले तर लेक वर बघत होती. हात नाही केला तिनं. पण गेलीही नाही. फाटक रिकामं झालं तरी पोरीचा हात धरून तिथेच उभी होती.

किती वाजले? ते कोपऱ्यातले नको सांगूस, खरे सांग. तीन वाजून सहा? मग सरक जरा, माझी पर्स आहे तुझ्या मागे. काढून टाक तो फोटो, लाव तुझा डोंगर, आणि ते अधिकारही घे काढून, मला नकोत आता. साहेब आले तर सांग, बाई जागेवर नाहीत, खाली फाटकापाशी गेल्यात, यायला किती वेळ लागेल ते त्यांनाही माहीत नाही. लेकीशी काय बोलणार? ते मला काय विचारतोस? वाट सोड.