आडवा पाय

अरे, रत्नागिरीतल्या कंपवाताच्या रुग्णांच्या मंडळात मी पहिल्याच दिवशी मारामारी केली, सांगितलं का तुम्हाला?

दादाला घेऊन गेलो होतो. माझा थोरला भाऊ. आईबाप गेल्यावर त्यानेच मला वाढवलं. त्याचे हात थरथरायचे, आणि दारात आला की पाय जमिनीला चिकटायचे. मंडळाच्या दारातही तसंच झालं. तेवढ्यात मंडळ चालवणारे सावंतकाका आले आणि दादापुढे त्यांनी सरळ आपला पाय आडवा घातला. मला वाटलं, पाडतायत. मी त्यांची गचांडी धरली.

"अरे मेल्या, सोड! ओलांडायला काहीतरी दिसलं की यांचा पाय उचलतो. बघ तरी!"

बघतो तर दादा पाय ओलांडून आत पोचलेला, आणि हसतोय. "काका, राग मानू नका. हा आधी धरतो, मग विचारतो."

तेव्हापासून घरच्या दारात मीच पाय आडवा घालायचो. दादा शेजाऱ्यांना सांगायचा, "लोक भावाच्या आडव्या पायाने पडतात. मी तेवढा चालतो."

दादाला जाऊन अजून महिना नाही झाला. घरात बसवेना, म्हणून परवा मंडळात गेलो. दारात सवयीने पाय आडवा घातला. मागे कोणीच नव्हतं.

सावंतकाकांनी पाहिलं. धडधाकट माणूस, पण माझा पाय ओलांडून आत गेले.

"चल, चहा झालाय. काढ आता पाय."

मला काही तो उचलवेना.